डॉक्टरची डिझेल गाडी

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं. "डॉक्टर ओन्ड, सिंगल हँड, फक्त २४ हजार किलोमीटर." हे वाचलं की आपल्यासारख्या माणसाचं काळीज विरघळतं. डॉक्टर म्हणजे सज्जन माणूस, गाडी हळू चालवणारा, सर्व्हिसिंग वेळेवर करणारा. आणि २४ हजार म्हणजे गाडी नवीनच की! मीही विरघळलो होतो, जून २०२३ मध्ये. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, बायको माहेरी गेली आहे, तेव्हा त्या विरघळण्याची किंमत एकदाची लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. पेट्रोल गाडीत "कमी पळालेली" हा बहुतेक वेळा गुण असतो. डिझेल गाडीत, आणि त्यातही एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत, तो गुण नाही, तो प्रश्न आहे. गाडी किती पळाली हे नंतर विचारा. कशी पळाली हे आधी विचारा. आणि त्याच्याही आधी, ती तुमच्याकडे आल्यावर कशी पळणार आहे हे स्वतःला विचारा. आपण नेमकं उलट करतो. मीटर बघतो, रंग बघतो, टायर बघतो, म्युझिक सिस्टिम वाजवून बघतो आणि टोकन देऊन मोकळे होतो.

तर झालं असं. आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक बारा वर्षांची झाली होती. ऑफिस हिंजवडीत, घर कोथरूडला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाकी घरून काम. एका बाजूने साधारण १७ किलोमीटर. शनिवार-रविवारची भटकंती धरून महिन्याचं रनिंग फार तर ५०० किलोमीटर. एवढ्या रनिंगला डिझेल कशाला, हा प्रश्न बायकोने विचारला होता. मी तिला टर्बो, टॉर्क वगैरे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चांदणी चौकात टॉर्क लागतो का?" मी हसण्यावारी नेलं. (हा संवाद गेल्या दोन वर्षांत मला किमान वीस वेळा ऐकवण्यात आला आहे.)

गाडी सप्टेंबर २०२० ची, बीएस-६, कॉम्पॅक्ट एसयूव्ही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. मालक खरोखरच डॉक्टर होते, खरोखरच सज्जन होते. घर ते दवाखाना चार किलोमीटर, दवाखाना ते घर चार किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा तेच. गाडीवर ओरखडा नाही. सीटवरचं प्लॅस्टिक तेवढं काढलेलं, बाकी शोरूममधून आल्यासारखी. त्याच मॉडेलच्या पेट्रोलपेक्षा ९० हजार जास्त मोजले आणि पेढे घेऊन घरी आलो.

चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. हा दिवा काय असतो, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून जरा थांबतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी आली. तिला डीपीएफ म्हणतात. स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी जशी तेलकट धूर अडवते, तशी ही काजळी अडवते. जाळी भरली की आपण ती काढून गरम पाण्यात बुडवतो. डीपीएफला ते काम स्वतःच करावं लागतं. एक्झॉस्टचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत नेऊन साठलेली काजळी जाळून टाकायची. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पूर्ण गरम हवी आणि पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगाने, म्हणजे हायवेच्या चालीने पळायला हवी.

आता डॉक्टरांची गाडी आठवा. चार किलोमीटर. इंजिन नीट गरम होईपर्यंत दवाखाना यायचा. जाळणं सुरू होणार, तेवढ्यात किल्ली बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर रात्रीचा बॅच जॉब रोज अर्ध्यात किल होतोय आणि टेम्प फाइल्स साठत चालल्या आहेत. तीन वर्षं! वर या जाळण्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारतं. काम अर्ध्यात तुटलं की त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी चक्क वाढते. गाडीतलं ऑइल कमी झालं की आपण घाबरतो. वाढलं की कुणी घाबरत नाही. घाबरायला हवं.

मग माझ्याकडे गाडी आली. माझा रस्ता चारऐवजी सतरा किलोमीटर, पण त्यातला निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आजाऱ्याला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हलवलं, एवढाच काय तो फरक.

वारज्याच्या गॅरेजमधले काका आम्हाला जुन्या गाडीपासून ओळखतात. त्यांनी ऑइलची डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. त्यांनी पट्टीचा वास घेतला आणि माझ्यापुढे धरली. डिझेलचा वास मलाही आला. "साहेब, घेताना मला का नाही दाखवलीत?" एवढंच म्हणाले. मी काय सांगणार? रविवार होता, तुम्ही बंद होतात, आणि गाडी दुसरं कोणीतरी घेऊन जाईल म्हणून घाई झाली होती. हे सगळं खरं होतं आणि ऐकायला फारच बावळट वाटत होतं.

मशीन लावून जबरदस्तीचं रिजनरेशन, ते पुरलं नाही म्हणून गाळणी उतरवून सफाई, एक प्रेशर सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्हची सफाई आणि दोनदा ऑइल बदल. बिल ४८ हजार. घरी येऊन मी एक्सेल उघडलं. (दुःखात माणूस काहीतरी ओळखीचं जवळ करतो.) महिना ५०० किलोमीटर. पेट्रोल गाडी शहरात १२ देईल, डिझेल १५. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं. पेट्रोलचा खर्च ४,३३३ रुपये, डिझेलचा ३,०३३. महिन्याची बचत १,३०० रुपये. म्हणजे त्या एका बिलात माझी ३७ महिन्यांची बचत गेली, आणि सुरुवातीला जास्त मोजलेले ९० हजार अजून तसेच शिल्लक.

एक काळ असा होता की पेट्रोल आणि डिझेलच्या भावातली दरीच एवढी मोठी होती, की कमी रनिंग असलेला माणूसही डिझेल घेऊन शहाणा ठरायचा. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. ती दरी नंतर आटत गेली, पण "डिझेल म्हणजे स्वस्त" हे आपल्या डोक्यात घट्ट बसलं ते बसलंच. माझ्याही बसलं होतं.

काकांनी उपाय सांगितला, "दर पंधरवड्याला एकदा लांब न्या. खंबाटकी ओलांडून साताऱ्यापर्यंत जाऊन या." तर आम्ही जायला लागलो. एका डिझेल गाडीची तब्येत राखण्यासाठी सव्वाशे किलोमीटर जायचं, सव्वाशे किलोमीटर यायचं, टोल भरायचा आणि आलोच आहोत तर कंदी पेढे घ्यायचे. फ्रीजमध्ये पेढ्यांची चळत लागली. बायकोने एकदा शांतपणे विचारलं, "आपण गाडी आपल्यासाठी घेतलीय की गाडीसाठी आपण?" त्या दिवशी ठरवलं की विकायची.

विकण्याचा किस्सा शेवटी सांगतो. कारण मधल्या काळात मी दोन मित्रांबरोबर आणि एका चुलत भावाबरोबर मिळून पंधरा-सोळा जुन्या डिझेल गाड्या पाहिल्या, आणि या वेळी काकांकडून शिकून पाहिल्या. त्यातून जी तपासणी तयार झाली ती इथे देतो. क्रम महत्त्वाचा आहे. स्वस्त आणि सोपी तपासणी आधी, म्हणजे बऱ्याच गाड्या पाना-पक्कड हातात घेण्याआधीच बाद होतात.

पहिलं, स्वतःचं रनिंग. आठवड्यातून निदान एकदा तुमची गाडी अर्धा तास सलग हायवेला लागणार आहे का? महिन्याचं रनिंग दीड हजाराच्या पुढे आहे का? दोन्ही उत्तरं "नाही" असतील तर बीएस-६ डिझेल सोडून द्या. ही तपासणी फुकट आहे आणि ती मी केली नव्हती.

दुसरं, गाडीचा इतिहास. मालकाला साधा प्रश्न विचारा, "ही गाडी रोज कुठे जायची?" याचं उत्तर देताना कोणी फारसं खोटं बोलत नाही, कारण यात काही लपवण्यासारखं आहे हेच त्याला माहीत नसतं. मग फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवायला सांगा. फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा आहे, त्यामुळे गाडी हायवेला किती आणि कधी गेली याचा तारीखवार लॉग आयता मिळतो. मीटर ४० हजार सांगतंय आणि दर आठवड्याला खेड-शिवापूर आणि आनेवाडीचे टोल कापले गेलेत, तर मीटर मागे फिरवलंय का अशी शंका घ्यायला जागा आहे. याउलट वर्षभरात एकही टोल नाही, तर ती डॉक्टरची गाडी!

सर्व्हिसची बिलं मागा. नुसता शिक्का नको, बिलं हवीत. त्यात ऑइलचा ग्रेड बघा. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. स्वस्तातलं भलतंच ऑइल घातलेलं दिसलं तर ती बचत तुमच्या खिशातून वसूल होणार आहे. टायमिंग बेल्ट की चेन हेही विचारा. डस्टरचं १.५ डीसीआय किंवा फोक्सवॅगनचं १.५ टीडीआय इंजिन बेल्टवर चालतं. बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा आणि किंमत कमी करून मागा. बेल्ट तुटला तर इंजिनच उघडावं लागतं.

तिसरं, थंड गाडी. फोनवरच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. डिझेलची अर्धी दुखणी थंड इंजिनातच दिसतात. ग्लो प्लगचा दिवा विझल्यावर गाडी सेकंद-दोन सेकंदात सुरू व्हायला हवी. सुरू झाल्यावर मागे जाऊन धूर बघा. गार सकाळी थोडी पांढरी वाफ चालते. पण पांढरा धूर रेंगाळत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

चौथं, बोट आणि पट्टी. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा (गाडी बंद आणि थंड असताना, भावनेच्या भरात नको). गाळणी शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ राहतं. काजळ लागलं तर गाळणी फुटलेली आहे किंवा कोणीतरी काढून टाकलेली आहे. बीएस-४ पर्यंतच्या बहुतेक डिझेल कारना ही गाळणीच नसायची, तिथे काळं बोट हा दोष नाही. मग डिपस्टिक. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतं, रंगावरून घाबरू नका. पातळी बघा आणि वास घ्या. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरेल, ते चालेल. पण आतून भकाभक वाफ येऊन झाकण नाचायला लागलं तर पिस्टन रिंग्ज थकल्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला मलईसारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. तिथूनच नमस्कार करा.

पाचवं, डोंगल. हा आपला प्रांत! २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडी-२ चा सॉकेट असतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो, ॲप फोनवर. एरर कोड तर बघाच, पण त्याहून मोलाची एक गोष्ट बघा. "कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली" हा आकडा बहुतेक गाड्यांत वाचता येतो. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत एकही एरर नव्हता आणि हा आकडा होता ६ किलोमीटर. म्हणजे सकाळी कोणीतरी लॉग साफ करून ठेवला होता. मालकाला आम्ही काही बोललो नाही, फक्त पाणी पिऊन निघालो.

सहावं, रस्ता. अर्धा तास तरी चालवा, आणि थोडा वेळ हायवेला. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. दोन हजाराच्या आसपास टर्बोचा झटका सरळ जाणवायला हवा. आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला. टर्बोची शिट्टी हळू आणि एकसारखी असेल तर ठीक, सायरनसारखी चढत असेल तर नाही. परत आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून बंद करा आणि कान द्या. बंद होताना खालून खडखड आली तर बऱ्याचदा तो ड्युअल मास फ्लायव्हील असतो, आणि क्लचसकट त्याचं बिल ऐकून बसावं लागतं.

सातवं, पाणी. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने किती गाड्या वाहून नेल्या ते आपण पाहिलं आहे. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला पूर आला. त्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकल्या गेल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ असते. सीटखालच्या रुळांवरचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. डिझेलमध्ये हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाबली जाते. आत पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आठवं, कागद. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलनं. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा, आणि नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. २०१२ ची गाडी घेत असाल तर २०२७ मध्ये नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या डोक्यावर. आणि दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उड्या मारू नका. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात नकोत, असं हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये त्यावरून बरंच पुढे-मागे झालं, पण तोवर तिथल्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत आल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्रात नव्याने रोड टॅक्स भरावा लागतो. तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हे सगळं मिळवून बघा, मग स्वस्त आहे का ते ठरवा.

हुश्श. एवढं वाचून कोणी म्हणेल, मग डिझेल घेऊच नये का? असं मी अजिबात म्हणत नाही. चुलत भाऊ कराडला असतो, शेतीच्या औषधांचा व्यवसाय आहे, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर सहज होतात. त्याला आम्ही काय घेऊन दिलं? २०१७ ची बीएस-४, फियाटच्या १.३ मल्टिजेट इंजिनाची, म्हणजे जे रांजणगावला बनायचं आणि मारुतीपासून टाटांपर्यंत अनेकांच्या गाड्यांत बसायचं ते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेलला रामराम केला, पण हे इंजिन माहीत नसलेला मेकॅनिक महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. मीटरवर १ लाख १२ हजार. आकडा ऐकून काकूचा चेहरा पडला होता. पण एकच मालक, कोल्हापूर-बेळगाव रोजचं जाणं-येणं, प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलला लावलेलं, थंडीत एका सेकंदात सुरू. माझ्या मते ती गाडी माझ्या २४ हजारवालीपेक्षा तरुण होती. क्लच आणि सस्पेन्शनचे खर्च येतील हे धरूनच भाव केला. आला तोही खर्च, पण धक्का बसला नाही.

आता राहिलेला किस्सा. गाडी विकायची ठरल्यावर एका ओळखीच्याने सल्ला दिला, "ती जाळी काढून टाक, सॉफ्टवेअर मॅप कर, दिवा कायमचा बंद. दहा-पंधरा हजारांत काम." पैशाच्या दृष्टीने सल्ला बरोबर होता. मोह झाला नाही असं म्हणालो तर खोटं होईल. पण ती जाळी जी काजळी अडवते ती कुठेतरी जाणार असते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागूनच लहान मुलांची खेळायची जागा आहे आणि आमच्या आईला दमा आहे. गाडी विकली तरी ती दुसऱ्या कुणाच्या तरी पार्किंगमध्ये उभी राहणारच. काढली नाही.

दुसरा मोह जास्त अवघड होता. जाहिरातीत काय लिहू? आता मीटरवर ३६ हजार होते. "कमी पळालेली, आयटी प्रोफेशनलने वापरलेली" असं लिहिलं असतं तर अक्षर न् अक्षर खरं ठरलं असतं. डॉक्टरांनीही मला खरंच सांगितलं होतं. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं, एवढाच फरक. दोन दिवस ड्राफ्ट तसाच पडून होता. शेवटी लिहिलं, "शहरात वापरलेली आहे, डीपीएफचं काम झालेलं आहे, बिलं दाखवीन, रोज हायवेला जाणाऱ्यानेच घ्यावी." फोन कमी आले. जे आले त्यांतल्या निम्म्यांनी "एवढं कशाला लिहिलंय, काही भानगड आहे का?" असंच विचारलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने घेतली. पुणे-सोलापूर-लातूर त्याचा पट्टा. मी त्याला सगळं सांगितलं, डिपस्टिकही दाखवली. बाजारभावापेक्षा ४० हजार कमी मिळाले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं," आणि पुढे काही बोलली नाही. एरवी ती बोलते.

परवा त्या माणसाचा मेसेज आला. मीटरचा फोटो होता, ७१ हजारांच्या पुढे गेलेला. खाली लिहिलं होतं, "दादा, दिवा एकदाही लागला नाही. गाडी मस्त आहे, तुम्ही का विकली?"

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. सध्या आमच्याकडे एक जुनी पेट्रोल आहे. टॉर्क यथातथाच, पण चांदणी चौकात कुणाला कळत नाही.

ता.क.: जाहिरातीत "डॉक्टर ओन्ड" दिसलं तर डॉक्टरांवर रागवू नका. फक्त दवाखाना घरापासून किती लांब आहे तेवढं विचारा :-)